बाबांची पेन्शन आणि तो सरासरी पगार

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा लगेच आईकडे फोन देतात, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही परवा म्हणालात ना, लोकांचा सरासरी पगार बघ आणि माझी पेन्शन बघ, निम्म्यावर आलो आपण, ते ऐकून मला खूप वाईट वाटलं. पण तुमचा हिशोब जिथे थांबलाय तिथे थांबू नका.

आधी तो सरासरी पगारच बघा. दहा माणसं धरा, नऊ जणांना २० मिळतात आणि एकाला १२०, तर सरासरी येते ३०, पण तो ३० दहापैकी एकालाही मिळत नाही. १५ पेन्शन असलेला माणूस सरासरीच्या निम्म्यावर दिसतो आणि त्या नऊ जणांच्या तुलनेत मात्र पाऊण पगारावर असतो. म्हणून तुलना करायची तर मधल्या माणसाच्या पगाराशी करा, आणि तीही हातात येणाऱ्या पैशाची, कारण नोकरी करणाऱ्याच्या पगारातून टॅक्स, पीएफसारखी वर्गणी असं बरंच कापलं जातं, पेन्शनमधून त्या मानाने कमी. ओईसीडी, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, तिच्यातल्या देशांचा हिशोब असाच हातातल्या पैशावर करतात, तिथे आज नोकरीला लागून पूर्ण करिअर करणाऱ्या सरासरी पगारदाराला पुढे सक्तीच्या पेन्शन योजनांमधून हातातल्या पगाराच्या साधारण ६० टक्के मिळतील असा अंदाज आहे, म्हणजे श्रीमंत देशांतही पूर्ण पगाराएवढी पेन्शन सहसा कोणी देत नाही.

मला खरी काळजी वेगळीच आहे, आजच्या आकड्याची नाही, तुम्ही ८० च्या पुढे जाल तेव्हाच्या आकड्याची. पेन्शन नुसती महागाईप्रमाणे वाढत राहिली आणि पगार दरवर्षी त्याहून २ टक्के जास्त वाढले, तर आज पगाराच्या ६० टक्के असलेली पेन्शन २० वर्षांनी ४० टक्क्यांवर येते. कोणी एक पैसा कापलेला नसतो तरी माणूस मागे पडतो, आणि ते कळतही नाही कारण दर महिन्याचा आकडा तर वाढतच असतो. ब्रिटनमध्ये हेच झालं, १९८० मध्ये सरकारी पेन्शन पगारवाढीपासून तोडून फक्त महागाईला जोडली आणि ती वर्षानुवर्षं सरासरी पगाराच्या मानाने घसरत गेली, मग २०११ पासून पगारवाढ, महागाई किंवा अडीच टक्के यातलं जे जास्त असेल तेवढी वाढ द्यायला लागले. त्यात म्हातारपणी खर्च बदलतो, औषधं, डॉक्टर, घरात मदतीला माणूस, आणि या गोष्टी महागाईच्या सरासरीपेक्षा जास्त महाग होत जातात.

आणि आई, हे तुझ्यासाठी. आयएलओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, १९५२ मध्ये पेन्शनची किमान पातळी ठरवली, ३० वर्षं वर्गणी भरलेल्याला पगाराच्या ४० टक्के, पण त्यात धरलेला नमुना माणूस म्हणजे पेन्शनच्या वयाची बायको असलेला नवरा, म्हणजे ती रक्कम दोघांची आहे. तू आयुष्यभर घरात राबलीस त्याची वर्गणी कुणीच भरली नाही, ओईसीडी देशांत आजही बायकांची पेन्शन पुरुषांपेक्षा साधारण पाव हिस्सा कमी आहे. तुझं नाव बाबांच्या कागदावर कसं आहे यावर तुझं पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि यावर घरात कोणी बोलतच नाही, अशुभ म्हणून. मला पटत नाही ते.

तर बाबा, चिडू नका, पण पेन्शनचा तो मूळ कागद काढा आणि तीन गोष्टी बघून मला कळवा. वाढ कशाला जोडलीये, तुमच्यानंतर आईला किती टक्के मिळणार, आणि आईचं नाव आणि जन्मतारीख तिच्या ओळखपत्राशी जुळते का. स्पेलिंगचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घेऊ, मी सुट्टी काढून येते. आणि दरवर्षी पगार आणि पेन्शन यातलं जे अंतर वाढेल ते मी भरणार आहे, भावाशी बोलणं झालंय माझं. परत पाठवू नका प्लीज.

तुमची लेक