अनमोड घाटातल्या त्या तिघांना

परवा रात्री हुबळीहून माल भरून फोंड्याला येत होतो. अनमोड घाटात, मोले चेकनाक्याच्या बऱ्याच वर, हवेचा पाइप फुटला. हवा गेली की मागचे ब्रेक आपोआप आवळतात. गाडी वळणावरच जाम. तुम्ही थांबलात. एकाने फांद्या तोडून मागे रस्त्यावर टाकल्या, दुसऱ्याने चाकांना दगड लावले. त्या कानडी ड्रायव्हरदादांनी तर बॅटरी दातांत धरून, स्वतःच्या पेटीतला पितळी जॉइंट लावून पाइप जोडला. पैसे नकोत, नावंही सांगेनात. उलट अंगणात उघडून ठेवलेल्या माझ्या जुन्या विलीज जीपचा विषय निघाला, तर तासभर तिथेच रमलात (बायको म्हणते, वेड्यांना वेडेच भेटतात). देव बरें करूं! चवथीपर्यंत जीपचं इंजिन बसवतो. फोंड्याला या, पहिली फेरी तुमची.