मागाला बाहेरचा तयार माल

संपादक साहेब, नमस्कार.

पूर्व भागात माझं छोटं मेडिकल आहे. बरीच घरं पेपर मोठ्यानं वाचतात, तिथं हा विषय जरा लाजेचा, तरी लिहितोय. मागच्या महिन्यात ओळखीतला एक पोरगा आला, दंड बघाल तर माझ्या मांडीएवढे, लग्नाला दोन वर्षं झालेली, हातात रिपोर्ट आणि त्यात शुक्राणू निल. पुढचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला मग हळूच म्हणाला, "काका, खालचं पण बारीक झालंय." जिममधल्या कुणीतरी सांगितलं म्हणून वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता, डॉक्टरची चिठ्ठी वगैरे काही नाही.

त्याला पटेचना, पुरुषाचंच हार्मोन घेतलं तर पुरुषाचाच अवयव कसा काय आटतो? घरात पॉवरलूम आहेत त्यांचे, म्हणून मागाच्या भाषेत सांगितलं. मेंदूखालची पिट्युटरी म्हणजे ऑर्डर देणारा शेठ, रक्तात माल कमी पडला की एलएच, एफएसएच ही हुकमाची हार्मोन्स पाठवतो आणि वृषण कामाला लागतात. बाहेरून तयार माल यायला लागल्यावर शेठ ऑर्डर देतोय कशाला, माग बंद! रक्तात हार्मोन भरपूर दिसतं हो, पण शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं ते तिथं बनणंच थांबलेलं असतं, आणि वृषणाचा बहुतेक आकार त्या शुक्राणूंच्या नळ्यांचाच, मग आकसणारच की. वर जादा हार्मोनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, काही पोरांची छाती सुटते ती त्यानं. बंद केलं तर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण एक शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिने, त्यामुळं सहा महिने, वर्ष, कधी जास्तही जातं.

आता गंमत बघा, याच पोराचे आजोबा माझ्याकडूनच प्रोस्टेटची, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीची गोळी नेतात, फिनास्टेराइड ५ मिलिग्रॅम. तिथं सगळं उलटं. टेस्टोस्टेरॉनचं प्रोस्टेटमध्ये डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन होतं, ते जास्त जोरकस, म्हातारपणी ग्रंथी वाढते ती त्याच्या जिवावर, आणि ही गोळी ते फारसं बनू देत नाही. आजोबा शेतकरी, त्यांना लगेच कळलं. लहानपणी खच्ची केलेल्या खिलाराचं वशिंड वळूसारखं कुठं भरतं, हार्मोनच नाही तर वाढ कुठली? चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवलं की हार्मोन तोडलं की प्रोस्टेटचा कॅन्सरसुद्धा आटतो, १९६६ ला त्यांना नोबेल मिळालं.

केस गळतात म्हणून पोरं हीच गोळी १ मिलिग्रॅमची घेतात. ती चालू असताना पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर ओळखायच्या रक्ततपासणीचा आकडा जवळपास निम्मा येतो, त्यामुळं चाळीशी-पन्नाशीत टेस्ट करताना डॉक्टरला आधी सांगायला पाहिजे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही, केसांची गोळी म्हणजे औषध थोडंच असं वाटतं.

तुमच्या पेपरात 'मर्दानी ताकद'च्या जाहिराती रोज येतात. त्याच पानावर एखाद्या युरॉलॉजिस्टकडून हे लिहून घ्या की. त्या पोराला मी डॉक्टरकडे पाठवलंय, जिमवाला मात्र त्याला अजून एक कोर्स मार म्हणतोय.

– एक मेडिकलवाला, सोलापूर