खेळून न पाहिलेल्या खेळांवरचे निकाल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेममुळे पिढी कशी वाया चालली आहे, यावर पानभर लेख आला. मोबाईलवर रमी खेळून कर्जात बुडालेले तरुण, पहाटेपर्यंत बॅटल रॉयाल, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत एकमेकांना बाद करण्याचे गेम, खेळणारी शाळकरी मुलं आणि सुट्टीच्या दिवशी एखादा कथेचा गेम खेळत बसलेली माणसं, असे सगळे लेखात एकाच दावणीला बांधले आहेत. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. मुलांच्या हातातला मोबाईल मला रोज दिसतो आणि त्याची काळजी मलाही वाटते. पण लेख संपेपर्यंत एकाही गेमचं धड वर्णन आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तो कोणी केला, त्यात काय घडतं, खेळणाऱ्याला काय करावं लागतं, यातलं काहीच नाही. नाटक न बघता कोणी परीक्षण लिहून पाठवलं तर आपण ते छापाल का?

आधी जुगाराचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्या कायद्याने ई-स्पोर्ट्स (स्पर्धा म्हणून खेळायचे व्हिडिओ गेम) आणि करमणुकीचे, शिकण्याचे खेळ एका बाजूला ठेवले आणि पैसे लावून खेळायचे खेळ दुसऱ्या बाजूला. पहिल्यांना प्रोत्साहन, दुसऱ्यांवर बंदी. कायद्याला जो फरक कळतो तो लेखात का नसावा? रमीच्या ॲपमध्ये घर गमावलेल्या माणसाचं दुःख खरं आहे, पण त्याचं खापर पुण्यातल्या एखाद्या छोट्या स्टुडिओत वर्षानुवर्षं राबून गेम घडवणाऱ्या चित्रकारांवर आणि प्रोग्रामरांवर का फोडायचं?

पुण्याचं नाव मुद्दाम घेतलं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० साली ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या रात्री असुर हल्ला करतात आणि इतर मुलांबरोबर तिच्या धाकट्या भावालाही, गोलूला, उचलून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाच्या शोधात निघते. कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपसात बोलत. या मुलीचं कसं व्हायचं म्हणून विष्णू काळजीत आणि दुर्गेचा तिच्यावर भरवसा, असा त्यांचा संवाद वरून चालू असतो. भिंतींवर पुराणकथांची चित्रं आहेत, त्यांच्यासमोर थांबलं की ती कथा ऐकायला मिळते. रंगकाम पहाडी चित्रशैलीच्या वळणाचं, वाडे आणि किल्ले राजस्थानी धाटणीचे आणि मधली कथानकं छायाबाहुल्यांच्या खेळासारखी मांडलेली. राजी खांबाला धरून गिरकी घेते आणि त्याच झोकात शत्रूवर वार करते, ते पाहताना मला आमच्या शाळेच्या मैदानावरचा मल्लखांब आठवला. मध्येच मंडलासारखी गोल चकत्यांची कोडी येतात. एकेक चकती फिरवत नेली की राजीच्या आठवणीतलं चित्र जुळतं आणि बहीण-भावाची गोष्ट थोडी पुढे सरकते.

हे सगळं सहज झालेलं नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी ते थांबले नाहीत. गेम बाहेर आल्यावर त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगभरच्या गेमसाठीच्या पुरस्कारांमध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. एखाद्या मराठी चित्रपटाला परदेशात असं नामांकन मिळालं की आपण पहिल्या पानावर चौकट करतो, आणि ती करायलाच हवी. या मंडळींच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही.

‘राजी’वर टीका करूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. शेवट एकदम येतो, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. काही लढाया अडखळतात, बटण दाबलं तरी राजी वेळेवर हलत नाही असं होतं. ही टीका खेळणाऱ्यांनीच केली आहे आणि ती रास्त आहे, कारण ती कामाकडे बघून केलेली आहे. माझी तक्रार आहे ती लांबूनच नाक मुरडण्याबद्दल.

आता हिंसेचा मुद्दा, कारण लेखातला सगळा राग त्यावरच आहे. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा ‘धिस वॉर ऑफ माईन’ हा २०१४ चा गेम. त्यातलं शहर काल्पनिक आहे, पण तो सुचला १९९० च्या दशकात बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून. इथे आपण सैनिक नसतो. मोडक्या घरात अडकलेली दोन-चार साधी माणसं आपल्याला जगवायची असतात. दिवसा चूल पेटवायची, खिडक्या-भिंतींची भोकं बुजवायची, पावसाचं पाणी गाळायचं. रात्री एकाने बाहेर पडून अन्न, औषधं शोधून आणायची. मी हा गेम माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीबरोबर खेळले. आमच्यातला एक जण आजारी पडला, घरात औषध नव्हतं. त्या रात्री आमचा माणूस एका वृद्ध जोडप्याच्या घरात शिरला. म्हातारा हातात शस्त्र घेऊन येत नाही, तो मागे-मागे फिरत विनवण्या करतो, की बायको आजारी आहे, हे नेऊ नका. आम्ही नेलं. परत आल्यावर घरातली माणसं खचली. ज्याने चोरी केली तो तर कामालाच हात लावेना. गेमने आम्हाला गुण दिले नाहीत, शाबासकी दिली नाही, शिक्षाही केली नाही. मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “आई, पुढच्या वेळी आपण उपाशी राहू, पण तिथे जायचं नाही.” मी वर्गात दुसरं महायुद्ध शिकवते. त्यातला आकड्यांचा भाग मुलं पाठ करतात, पण वेढा पडलेल्या शहरात साध्या माणसाचं काय होतं हे इतकं त्यांच्या अंगावर आणणं मला फळ्यावर जमलेलं नाही. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या वाचनसाहित्याच्या यादीत घेतला, तोही अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी. मुलांच्या वयाचं भान ठेवूनही गेमला साहित्याशेजारी जागा देता येते, ती अशी.

लेखात ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असं एक वाक्य आहे. कुठल्या संशोधनाने, ते नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेम किती हिंसक, हे त्यांनी मुलांच्या सांगण्यावर न सोडता अधिकृत वयोगट-मानांकनावरून ठरवलं आणि मुलांच्या आक्रमकपणाबद्दल पालकांना विचारलं. आकडे कसे तपासायचे हेही आधीच जाहीर करून ठेवलं होतं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यांना सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये जरा वेगळं म्हटलं. ओरडणं, ढकलाढकली अशा वागण्याशी हिंसक गेमचा थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं कारण म्हणून गेमकडे बोट दाखवायला पुरेसा आधार नाही. म्हणजे जाणकारांमध्ये मतभेद आहेत आणि ते बारीक आहेत. ‘सिद्ध झाले आहे’ म्हणण्याजोगं त्यात काही नाही.

व्यसनाचा प्रश्न मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे. स्वतःवर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं, अशी त्याची लक्षणं आहेत. असा मुलगा घरात असेल तर त्याला बोल लावण्याऐवजी डॉक्टरकडे न्यावं. पण रोज हजेरी लावली की बक्षीस, थोडं खेळलं की थांबा किंवा पैसे भरा, शेवट म्हणून कधीच नाही, अशा बेतलेल्या गेमवर आणि एकदा विकत घेऊन पुरा खेळून बाजूला ठेवायच्या गेमवर एकच शिक्का कसा मारता येईल? ‘राजी’ काही तासांत संपतो. ‘वेण्बा’ त्याहून लवकर. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा हा २०२३ चा गेम, टोरांटोच्या विसाई गेम्सचा. आईने दिलेली पाककृतींची वही फाटली आहे, डागाळली आहे. इडलीच्या कृतीतला पुसलेला भाग आपण डोकं चालवून भरायचा, पाणी-पीठ-ताटल्यांचा क्रम जुळवायचा, चुकलं तर इडली बिघडते. हळूहळू मुलगा तमिळपासून आणि आईपासून दूर जातो. २०२४ मध्ये या गेमला पदार्पणाचा बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, पुरस्कार मिळाला. शिकागो, मेलबर्नला स्थायिक झालेल्या किती मराठी घरांत हीच गोष्ट चालू आहे! ज्या आजीचा नातू तिच्याशी इंग्रजीत बोलतो, तिला हा गेम दाखवून पाहावा.

गेम खेळल्याने हात आणि डोळे यांचा मेळ सुधारतो, गणित सुधारतं, असला बचाव मला करायचा नाही. शुद्धलेखन सुधारतं म्हणून आपण कादंबरी वाचत नाही. चांगली गोष्ट चांगली सांगितली आहे, तिच्यात आपल्यालाच निवड करायला लावली आहे आणि त्या निवडीचं ओझं आपल्यावर ठेवलं आहे, एवढं मला पुरेसं आहे.

१९१३ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी दादासाहेब फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेला एकही बाई मिळाली नाही. सिनेमात काम करणं भल्या घरच्या बायकांना शोभत नाही असं तेव्हा मानत, म्हणून साळुंके नावाच्या तरुणाला ती भूमिका करावी लागली. आज आपल्या वृत्तपत्रात सिनेमाला दर आठवड्याला पान असतं.

माझी विनंती एवढीच, की त्या पानाच्या एका कोपऱ्यात महिन्यातून एकदा एखाद्या गेमचं परीक्षण छापावं, आणि तो गेम शेवटपर्यंत खेळलेल्या माणसाकडून लिहून घ्यावं. वाईट असेल तर वाईट म्हणावं. कोणत्या वयाच्या मुलाला द्यावा, त्यात पैसे मागतात का, किती वेळ लागतो, हे पालकांना त्यातून कळेल. सुरुवातीला पुण्यातल्या गेम करणाऱ्या मंडळींशी बोलायला एखादा वार्ताहर पाठवावा.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, सातारा