चिंध्यांची पोस्टकार्डे

मा. संपादक, स.न.वि.वि.

गोव्यातल्या फोंड्यात गेली बावीस वर्षे शिवणकाम करते. गणेशचवथीच्या हंगामात कातरणाने दोन गोणी भरतात. यंदा त्यातली कुणबी साडीची लाल चौकड्यांची कातरणे वेगळी काढली आणि पोस्टकार्डे केली. आकार नेहमीच्या कार्डाचा, 14 बाय 9 सेंटिमीटर. मध्ये बकरम म्हणजे कॉलरीत घालतात ते कडक कापड, पाठीला जाड कोरा कागद, कडेने दाट झिगझॅग. आधी खळीने चिकटवून पाहिले होते, पण आपल्या पावसात आठवड्यात बुरशी धरली. मोती, टिकल्या मुळीच नकोत. शिक्का मारताना फुटतात. पत्ता बॉलपेननेच लिहावा. शाईच्या पेनाने पहिले कार्ड वाया गेले.

भाचीला पुण्याला पाठवायला गेले, तर खिडकीवरच्या माणसाने कार्ड उलटेपालटे करून, "बाई, हे पोस्टकार्ड नव्हे, कापड," म्हणत परत दिले. साध्या पोस्टकार्डासारखे पन्नास पैशांत न्या, असे मी म्हटलेच नव्हते! पाच रुपयांचे तिकीट लावून पेटीत टाकले, सहाव्या दिवशी पोचले, एक दोरा उसवला होता तेवढाच. अशी कार्डे कोणत्या दराने घ्यायची, याचा मराठी-कोकणी फलक टपाल खात्याने खिडकीपाशी लावावा, एवढीच विनंती.

– एक शिंपीण, फोंडा