रोजच्या एका पानाविषयी

दादर, मुंबई

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की लेख साभार परत आल्यापासून तू रोजचे लिहिणे थांबवले आहेस आणि काही मोठे सुचेल तेव्हाच आता वही उघडणार आहेस. मी काही बोलण्याआधी तुझी बस आली, म्हणून हे पत्र. आज लिहिलेस का, असे विचारणार नाही, हे आईला आधीच कबूल केले आहे.

लेख परत आला याचे मला फारसे वाईट वाटलेले नाही. मुद्रितशोधनात आयुष्य गेल्यामुळे नावाजलेल्यांचे मजकूरही मी कच्चे पाहिले आहेत. ज्यांना दर आठवड्याला सदर द्यावे लागे, त्यांच्या प्रुफावर माझ्या पेन्सिलीला फारसे काम उरत नसे. जे वर्षातून एकदा, दिवाळी अंकापुरते लिहीत, त्यांचा विषय मात्र तिसऱ्या परिच्छेदात सुरू होई. बरेच दिवस बंद असलेल्या नळाला आधी गढूळ पाणी येते, तसेच ते. रोज लिहिणाऱ्याचे गढूळ पाणी वहीतच वाहून जाते, एवढाच काय तो फरक.

गोपाळ हरि देशमुखांनी १८४८ मध्ये आपल्या मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला घेतली, तेव्हा त्यांचे वय २५ होते आणि सरकारी नोकरी सांभाळून ते लिहीत होते. पत्रे आटोपशीर, एका वेळी एकच विषय, आणि एक छापून झाले की पुढचे तयार हवे. अशी १०८ झाली. एकच थोर ग्रंथ सुचेपर्यंत ते थांबले असते, तर त्यांच्या वाक्यांना ती धार आली असती असे मला वाटत नाही. तू लिहिते आहेस ना?

वाचनही रोजचे हवे. दिल्लीत मराठी वृत्तपत्र हातात पडत नसेल, तर मोबाइलवर एखादा छोटा लेख निवड. पहिल्यांदा मजकुरासाठी वाच. दुसऱ्यांदा लेखकाने सुरुवात कोठून केली, काय सांगायचे टाळले आणि लांब वाक्यानंतर आखूड वाक्य कोठे ठेवले, ते पाहा. मग लेख बाजूला ठेवून त्याच विषयावर आपले एक पान लिही आणि दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने वाच. जेथे दम लागतो तेथे वाक्य तोडायचे. रात्री आवडलेले विशेषण सकाळी आपोआप नकोसे होते. परत आलेल्या लेखात एकाच पानावर ‘विलक्षण’ तीनदा आले आहे, तेही असेच गळून पडले असते. पाहा, सांगायचे नाही म्हणता म्हणता व्याख्यान झाले. रागावू नकोस.

नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मी तुला घेऊन जात असे, तेव्हा परतीच्या वाटेवर तू वाचलेली गोष्ट आजीला सांगायचीस आणि शेवट पसंत नसेल तर खुशाल बदलायचीस. सातवीत असताना शीवला रुळांवर पाणी साचून गाडी अडकली, डब्यातल्या बायकांनी एकमेकींना खाऊ वाटला, त्यावर तू लिहिलेले पान माझ्या पाकिटात अजून आहे. त्यात ‘माणुसकी’ हा शब्द एकदाही नाही. इतकी वर्षे छपाईत काढूनही मला तसे पान जमले नसते, हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही.

म्हणूनच भीती वाटते. निवृत्तीनंतर निवांत लिहू म्हणणारी हुशार माणसे मी कचेरीत पाहिली. निवृत्ती आली तेव्हा त्यांना चार ओळींचा अर्जही दुसऱ्याकडून लिहून घ्यावा लागे. तू तशी होशील असे मी म्हणत नाही. बहुधा तेच म्हणतो आहे. निदान झोपण्यापूर्वी अर्धे पान, मग ते घरमालकिणीच्या कटकटीविषयी का असेना.

आईचा गुडघा बरा आहे. अण्णांच्या घराचे कागद अद्याप अडलेलेच आहेत. दिवाळी अंक निघाले की दोन पाठवतो. त्यांतला कोणता लेख कोठे फसला आहे ते मला सविस्तर लिहून कळव, आणि खाडाखोड तशीच राहू दे.

तुझे,
बाबा