ढग आले तर काय?

ग्रहण मिनिटाबरोबर सांगता येते, ढग मात्र नाही. ७ सप्टेंबर २०२५ चे खग्रास चंद्रग्रहण ऐन पावसाळ्यात आले. आमच्या गावातल्या गच्चीवर रात्री अकराला, खग्रास सुरू होताना, दीडशे माणसे आणि ढगांचा जाड थर! आयोजक बिचारे 'थोडं थांबा, उघडेल' एवढेच म्हणत राहिले. झोपेला आलेली मुले घेऊन पालक बाराच्या आत पांगले.

२२ जुलै २००९ ला बिहारमधील तारेगणा येथे खग्रास सूर्यग्रहणासाठी जमलेल्यांचीही ढगांनी निराशाच केली होती. तरीही आपल्याकडच्या निमंत्रणपत्रिकेत 'ढगाळ असल्यास' अशी ओळ क्वचितच दिसते. आदल्या संध्याकाळी किती वाजता निर्णय होईल आणि तो लोकांना कसा कळेल, हे आधीच छापावे. जवळ शाळेचा हॉल, एक प्रोजेक्टर, दुसऱ्या शहरातले थेट प्रक्षेपण आणि ग्रहणावर बोलू शकेल असा एखादा शिक्षक हाताशी असला तरी रात्र वाया जात नाही. (इंटरनेट ऐनवेळी रुसते, म्हणून काही चित्रफिती आधीच उतरवून ठेवाव्यात.)

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, तेही पावसाळ्यातच. तेव्हा विरळ ढगांतून सूर्य डोकावला की लोक हमखास चष्म्याविना वर पाहतात. ढग दिसताच ग्रहणचष्मे गोळा करून पेटीत भरण्याची घाई तेवढी स्वयंसेवकांनी करू नये.

– एक आकाशप्रेमी, सातारा