रांगेतला प्रश्न

म्हापसा
रविवार, 4 मे 2025

बाये,

सप्रेम आशीर्वाद. फोनवर मी बोलायला लागलो की तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मग माझा पारा चढतो, म्हणून कागद घेतला. आई म्हणते, मास्तर निवृत्त झाला तरी हातातलं लाल पेन काही सुटत नाही. हे निळं आहे.

तू ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळच्या गाडीने पुण्याला गेलीस. सान्नांचा डबा ओट्यावरच राहिला. दुपारी टीव्हीवर पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली. आईने तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. "प्रवासात असेल," म्हणाली. प्रवासाचं निमित्त होतं. तिला तुझ्यापाशी रडायचं होतं, पण तू काय म्हणशील याची धास्ती वाटली. पोटच्या पोरीची धास्ती! हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. खोडत नाही.

तिकडे रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातेस का, हे मी विचारणार नाही. ठरवलंय तसं.

गुड फ्रायडेला आम्ही क्रुसाचं चुंबन घ्यायला रांगेत होतो आणि तू बाहेर आंब्याखाली स्कूटरवर बसलेलीस. कोणी तरी विचारलं, बाय कुठे? मी म्हणालो, डोकं दुखतंय तिचं. म्हणजे धर्माची अब्रू राखायला चर्चच्या आवारातच खोटं बोललो. तू निदान खोटं तरी बोलली नाहीस.

त्या रात्री घरापुढच्या बाल्कांवात जे झालं ते मनातून जात नाही. तू एवढंच विचारलंस, "बाबा, पुरावा काय?" आणि मी तासभर वर्ग घेतला. मेंडेल मठातला संन्यासी, त्याने वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधले. लमेत्र धर्मगुरू, त्याने 1927 मध्ये विश्व प्रसरण पावतंय असं मांडलं. तू शांतपणे म्हणालीस, "म्हणजे चांगला शास्त्रज्ञ प्रार्थनाही करू शकतो, एवढंच." रात्रभर त्यावर विचार केला. तुझं बरोबर आहे. मी उगाच दगडं भिरकावत होतो. (दहावीला विज्ञानात तुला किती मिळाले होते ते आई अजून शेजारी सांगत असते. मीही सांगतो.)

इन्क्विझिशनचंही, चर्चच्या त्या धर्मन्यायालयाचंही, तेच. 1560 पासून 1812 पर्यंत, मधली चारेक वर्षं सोडली तर, आपल्या या गोव्यात ते चाललं. मी म्हणालो, सायबाचा, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा, त्यात काय दोष, तो तर 1552 मध्येच चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारला. तू म्हणालीस, पण 1546 मध्ये त्यानेच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली होती ना? केली होती. मला ठाऊक होतं आणि मी ते गाळलं. बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं की अर्धं उत्तर लिहू नका.

आता माझं. मेंडेल नाही, सायबही नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढ. तो सरळ म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. स्वतःच्या हाताने मान पुढे केलेला माणूस आहे तो. वर सांगतो की पाचशेहून अधिक जणांनी त्याला पाहिलं आणि त्यातले बरेच अजून जिवंत आहेत. म्हणजे, जा, विचारा. आणि दुसरं, रिकाम्या कबरीची पहिली बातमी चारही शुभवर्तमानांत बायकांच्या तोंडून येते. त्या काळी बाईच्या साक्षीला कोण किंमत देत होतं? प्रेषितांनीही ती बडबड समजून सोडून दिली, हे लूकने लपवलेलं नाही. गोष्ट रचायचीच असती तर पेत्राला, मुख्य शिष्याला, आधी धाडला असता. प्रयोगशाळेत चालेल असा पुरावा हा नाही, ते मलाही कळतं. पण मी भोळसटासारखा मानतो असं जे तू म्हणालीस ते लागलं गं.

झालं, पुन्हा फळा-खडू. माफ कर.

मावशीबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. नऊ दिवस आपण नोव्हेना केला आणि नवव्या दिवशी फोन आला. तेव्हापासून तू तेर्साला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बसली नाहीस, माझ्या लक्षात आलं होतं. क्रुसावर येशूनेही विचारलंच होतं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, आणि वरून काही उत्तर आलं नाही. देवाच्या पुत्राला जो प्रश्न विचारायची मुभा आहे तो माझ्या मुलीला विचारू न देणारा मी कोण?

हे लिहिताना खरं तर दुसरंच डोळ्यांपुढे आहे. 2004 चा डिसेंबर, जुनं गोंय, सायबाच्या शवप्रदर्शनाची रांग. तू दहा वर्षांची. सकाळपासून उभे होतो, उन्हाने सगळे वैतागलेले. से कॅथेड्रलच्या दाराशी पोचता पोचता तू मोठ्याने विचारलंस, "बाबा, ते कुजलं नाही म्हणतात, पण सुकलंय ना? आणि उजवा हात कुठेय?" पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. मी तुझ्या दंडाला चिमटा काढला. साधा नव्हे, पिळून. तू ओरडलीही नाहीस. बाहेर आल्यावर आजीचा हात दुखायचा म्हणून मी नवसाचा मेणाचा हात विकत घेतला आणि तूच तो रुमालात गुंडाळून धरलास, उन्हाने वितळेल म्हणून. रात्री आंघोळ घालताना आईला निळा डाग दिसला. मी म्हणालो, डास चावला असेल.

तेव्हापासून तू मला देवाबद्दल काही विचारलं नाहीस. थेट परवा बाल्कांवात विचारलंस. वीस वर्षांनी. आणि मी पुन्हा पिळलं.

मला वाईट याचं वाटतं की मराठीचा मास्तर मी, नगरकडून इथे आलो तो ख्रिस्तपुराणाच्या ओढीने, असं सगळ्यांना सांगत असतो. त्याचे कर्ते फादर स्टीफन्स इंग्रज, पण आपल्या भाषेत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या आणि 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला रोमन लिपीत छापल्या. त्याचा आरंभ आठवतो? साष्टीतला नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठून पाद्रीला विचारतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी पुस्तकं आम्हांला का करून देत नाही? ज्या काळात तोंड उघडायची भीती, त्या काळात. पाद्रीने त्याला चिमटा काढला नाही. पुराण लिहिलं. आपल्या माणसांनी ते ईस्टरआधीच्या चाळिसाच्या दिवसांत घराघरांत म्हटलं. आणि मी ते वर्गात अर्थासह शिकवत होतो!

तर उत्तर देतो, उशिरा का होईना. उजवा हात, म्हणजे कोपरापासून खालचा, 1614 मध्ये कापून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. आणि हो, सुकलंय. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं पुन्हा रांगेत होतो, या वेळी मी नीट बघितलं. सुकलेलं, काळसर, लहानसं शरीर आहे. माझा विश्वास त्यावर टांगलेला नव्हता, आजही नाही. हे तेव्हाच सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं.

भीती मला नरकाची वगैरे नाही, ती आजीच्या काळात. भीती एवढीच की कधी तरी रात्री दोन वाजता तुझ्यावर काही येईल, आमचे फोन लागायचे बंद झालेले असतील, आणि हाक कुणाला मारायची हे तुला सुचणार नाही. दादा आहे, पण पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या त्या कागदपत्रांनंतर तो आपलाच राहिला नाही. म्हणून विचारतो मिस्साचं. बघ, विचारलंच.

तू जे म्हणालीस ते वाईट मनाने म्हणाली नाहीस, हे मला माहीत आहे. आईलाही माहीत आहे. तिला फोन कर, पोपवरच बोल, बाकी काही नको. माझ्याशी बोलायचं असेल तर प्रश्न लिहून पाठव, कितीही. ज्याचं उत्तर येत नसेल त्यापुढे येत नाही असं लिहीन.

उद्या रात्रीच्या पुण्याच्या बसने मानकुराद आंबे धाडतोय, दोन डझन. वरचे सहा आधी खा, खालचे अजून कडक आहेत, तांदळात घाल. आईने डब्यात सान्नां ठेवलीत, प्रवासात आंबली तर टाकून दे, पण तिला सांगू नकोस.

तुझा
बाबा